ताईच्या नावाची बंदी

सुवा,
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

प्रिय दाजी,

तुम्हाला आणि घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना माझा आणि लाइसानीचा नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही बरे आहोत. तुमचा गुडघा बोटीच्या धक्क्यावर चढताना कुरकुरतो असं कळलं. त्याला खोबरेल तेल लावा आणि धक्क्यावर चढायचं कमी करा. दुसरं तुम्ही करणार नाही, निदान पहिलं तरी करा.

प्रार्थना झाली, जेवण झालं, लाइसानी आडवी झाली आहे आणि मी व्हरांड्यात बसून लिहितोय. फोन करता आला असता. पण फोनवर आपण हवेबद्दल बोलतो, बोटीबद्दल बोलतो आणि मग तुम्ही ‘बरं तर’ म्हणता. पत्रात मधेच ‘बरं तर’ म्हणायची सोय नाही, म्हणून पत्र.

ताईला जाऊन तीन महिने होत आले. तिच्या नावाने तुम्ही गावासमोरच्या प्रवाळाच्या खडकावर बंदी घातलीत, वर्ष पुरं होईपर्यंत तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, शिंपला उचलायचा नाही. ती चांगली पाळली जाते असं बोटीवरचा पेनी सांगत होता. शेजारच्या गावच्या दोघांनी गळ टाकला तेव्हा तुम्ही होडी घेऊन त्यांच्या मागे लागलात म्हणे. “साठी उलटलेला माणूस होडीत उभा राहून शिव्या देत होता,” पेनी म्हणाला, “आणि शिव्यासुद्धा इतक्या जुन्या की निम्म्या मला कळल्या नाहीत.” ताईला तुमच्या शिव्या आवडत नसत. या मात्र तिने ऐकून घेतल्या असत्या.

आता माझ्याकडची बातमी. ती लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही मला सांगितलंत की वर्ष संपेपर्यंत तुमच्या मुलीचं नाव तुमच्यापुढे काढायचं नाही, आणि बंदी उठेल त्या दिवशी तिने गावात यायचं काही कारण नाही. “आईच्या मातीला विद्यापीठाच्या लोकांबरोबर पुढच्या दाराने आली, चटईवर बसून बापाच्या घराला मानाचा देवमाशाचा दात दिला. पाहुणीसारखी आली, पाहुणीसारखीच राहू दे.” हे तुमचे शब्द. ते ऐकताना मी तुमच्या शेजारी बसलो होतो, तेव्हा वाद घातला नाही आणि आत्ताही घालत नाही. नाव काढणार नाही.

पण माझी नोकरी पॅसिफिक अभ्यास केंद्रात आहे. नोकरीबद्दल लिहायचं आणि केंद्राच्या प्रमुखांबद्दल लिहायचं नाही, म्हणजे होडीचं वर्णन करून सुकाणू गाळल्यासारखं होईल. तेव्हा मी त्यांना ‘बाई’ म्हणेन. त्या कुणाच्या कोण, याच्याशी या पत्राचा संबंध नाही.

तर गेल्या आठवड्यात नव्या मुलांचं स्वागत झालं. किरिबाती, सॉलोमन, टोंगा, तुवालू, कुठून कुठून मुलं आली. पूर्वी खुर्च्यांच्या रांगा असत. बाईंनी या वर्षी खुर्च्या बाहेर काढायला लावल्या आणि चटया घातल्या. चटया घालण्यापासून यंगोनाच्या मुळांचं पेय कालवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. पाहुण्यांच्या वतीने भाषण करणारा कुणी आला नसेल तर तेही मीच करतो. या वेळी मीच उठून ‘आम्हाला आत येऊ द्या’ म्हणालो, आणि इकडे येऊन बसून मीच ‘या’ म्हणालो. ग्रंथालयातली सुरुजमती म्हणाली, “एमोसी, स्वतःच्या बोलण्यावर टाळीही स्वतःच वाजवा, म्हणजे आम्हाला घरी जाता येईल.”

बाईंनी मुलांना नाव विचारलं नाही, विषय विचारला नाही. “आईचं गाव सांगा,” म्हणाल्या, “बाकीचं वर्षभरात कळेलच.” एकेक मूल उठून सांगू लागलं. कुणाच्या आईचं गाव भरतीला अर्धं पाण्यात असतं, कुणाच्या गावाला विमान पंधरा दिवसांनी एकदा जातं. ऑस्ट्रेलियाहून आलेले एक प्राध्यापक होते, ते उठून “मेलबर्न” म्हणाले. बाई म्हणाल्या, “ते तुमचं. आईचं?” “आयर्लंडमधलं एक खेडं. मी अजून पाहिलेलं नाही,” म्हणाले आणि खाली बसल्यावर बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मी इतकी वर्षं स्वागतं बघतोय. असं एका प्रश्नात सभागृहाचं घर झालेलं पाहिलं नव्हतं.

शेवटी बाईंची पाळी. त्यांनी आमच्या गावाचं नाव घेतलं, म्हणजे माझं आणि ताईचं. आवाज ठीक होता. मग पेला उचलून पाणी प्यायल्या. पेला रिकामा होता, मी तो भरायचा विसरलो होतो. तरी त्या प्यायल्या.

पत्र पेनीजवळ देतो. उत्तर नाही दिलंत तरी चालेल, गुडघ्याचं मात्र कळवा.

तुमचा मेहुणा,
एमोसी

◆

सुवा,
मे महिना, पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी

प्रिय दाजी,

नमस्कार. दालोचे कंद पोचले. पेनीने गोणी माझ्या दारात टाकली आणि म्हणाला, “समुद्रावरच्या माणसाने जमिनीवरच्या माणसाला दालो पाठवले. आता तुम्ही त्यांना मासे पाठवा, म्हणजे जग पूर्ण उलटं होईल.” मी म्हटलं, त्यांच्या खडकावर बंदी आहे, बिचाऱ्याने शेती शिकून घेतली. दालो बारीक होते. ही टीका नाही. पहिल्या वर्षी आम्ही आमच्या पोरांनाही इतकीच सूट देतो.

पण गोणी मोठी होती, दाजी. लाइसानी आणि मी दोघंच. आम्ही दोघं इतकं खात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी काही विचारत नाही. निम्मे केंद्राच्या स्वयंपाकघरात नेले. बाई तिथे चहा करत होत्या. “कुठले?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “बेटावरचे. नवशिक्याने लावलेले.” त्यांनी चहा तसाच ठेवला, सुरी घेतली आणि स्वतः सोलायला बसल्या. बैठकीला उशीर झाला तरी उठल्या नाहीत. तीन देशांचे पाहुणे बाहेर थांबले होते.

आता केंद्राची गोष्ट सांगतो. ही तुम्हाला आवडेल.

आमच्याकडे जुन्या फितींची एक खोली आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणी कुणी बेटाबेटांवर जाऊन गाणी, वंशावळी, माशांची नावं ध्वनिमुद्रित करून आणली, ती तिथे ठेवली आहेत. त्यात तुवालूच्या एका माणसाचं गाणं सापडलं, आणि चौकशी केल्यावर त्याचं कुटुंब इथे सुवातच राहतं असं कळलं. बाईंनी त्यांना बोलावलं. अख्खं घर आलं. म्हातारी आजी, सुना, नातवंडं, कडेवरची दोन बाळं, आणि एका टोपलीत आमच्यासाठी उकडलेला नीरफणस.

त्याच सुमारास परदेशातून एक अभ्यासक आला होता. तो याच गाण्यासाठी आला होता. त्याने यंत्र वगैरे मांडून ठेवलं. बाईंनी त्याला नम्रपणे उठवलं आणि आम्हा सगळ्यांनाही बाहेर काढलं.

तो म्हणाला, “मॅडम, मी अर्धं जग ओलांडून हे ऐकायला आलोय.”

बाई म्हणाल्या, “त्यांचे आजोबा त्याहून लांब गेलेत. आधी त्यांना भेटू द्या.”

दार लावलं. आम्ही पायरीवर बसलो. आतून गाणं पुसट ऐकू येत होतं, मग थांबलं, मग पुन्हा पहिल्यापासून. कुणी रडलं असेल तर ते आम्हाला कळलं नाही आणि ते कळायचं कारणही नव्हतं. तो अभ्यासक सुरुवातीला घड्याळाकडे बघत होता. नंतर बघेनासा झाला.

दार उघडलं तेव्हा म्हातारी पुढे आली. बाईंनी तिला सांगितलं की ही फीत तुमची आहे, तिची प्रत घरी न्या, आणि तुम्ही हो म्हणाल तरच ती मुलांना ऐकवू. नाही म्हणालात तर कपाट बंद. म्हातारीने मान हलवली आणि त्या अभ्यासकाकडे बोट केलं. “हा कोण?” तो उठून उभा राहिला. “हा ते गाणं शिकायला आलाय? त्या फितीवरून नको शिकू, बाळा. माझ्या नवऱ्याने दुसरं कडवं चुकीचं म्हटलंय. तो नेहमीच चुकायचा. बस इथे, मी सांगते.” आणि संध्याकाळपर्यंत तिने त्याला गायला लावलं. सुना हसून हसून लोळत होत्या. तो माणूस जाताना मला म्हणाला, “मला जे हवं होतं त्याच्या कितीतरी पट जास्त मिळालं.” मी मनात म्हटलं, दार लावलं म्हणून मिळालं.

दाजी, मी उपदेशक माणूस आहे, पण तुम्हाला वचन ऐकवणार नाही. तुम्ही म्हणाल, आला रविवार. एवढंच सांगतो की कुठे दार लावायचं आणि कुठे उघडायचं हे त्या बाईंना नीट कळतं. पन्नाशीला आलो तरी मला तेवढं कळत नाही. म्हणून एखाद्या घरी त्या एखाद्या दाराने गेल्या असतील तर त्यालाही काही कारण असेल, असा विचार माझ्या मनात येतो. येतो, तेवढाच लिहिला.

तुमचा,
एमोसी

ता. क. गुडघ्याचं कळवलं नाहीत.

◆

सुवा,
सप्टेंबर, शनिवार

प्रिय दाजी,

नमस्कार. तुम्ही पाठवलेला निरोप मिळाला. ‘गुडघा आहे.’ दोन शब्द, पण दोन्ही खरे. पेनीला मी विचारलं, आणखी काही म्हणाले का? “नाही,” म्हणाला, “पण तुमचं मागचं पत्र टोपीत ठेवतात. ऊन लागू नये म्हणून टोपी घालतात की पत्र सांभाळायला, ते कळत नाही.”

या पत्रात मी दोन वचनं मोडणार आहे, एक तुम्हाला दिलेलं आणि एक तिला दिलेलं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचायचं नसेल तर इथेच टोपीत ठेवा.

गेल्या आठवड्यात केंद्राची मोठी परिषद झाली. समुद्रावरच्या जुन्या बंद्या हा विषय. कुठल्या बेटावर कुणाच्या मृत्यूनंतर खडक बंद करतात, कधी उघडतात, त्याने मासे कसे वाढतात. हवाईपासून पापुआपर्यंतचे लोक आले होते. मुख्य भाषण बाईंचं होतं. तिने याच विषयावर पदवी मिळवली, पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकात आपल्याच खडकाचं एक प्रकरण आहे हे तुम्हाला माहीत आहे. ते प्रकरण तुम्ही तिला होडीत बसवून सांगितलंत. लोक तेच ऐकायला आले होते.

ती उठली. सुलू नेसली होती, अंगावर काळं. म्हणाली, “माझ्या गावच्या खडकावर सध्या माझ्या आईच्या नावाची बंदी आहे. तो उघडेपर्यंत त्याच्याबद्दल बोलून मी त्याच्यातलं काही उचलणार नाही. आज मी तुमच्या खडकांबद्दल ऐकायला बसते.” आणि खरोखर खाली, मुलांमध्ये जाऊन बसली. कुलगुरूंच्या कार्यालयातून आलेले एक गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले, “आता काय? पत्रिकेत भाषण छापलंय.” तेवढ्यात मार्शल बेटांवरचा एक म्हातारा नावाडी उठला आणि म्हणाला, “मग मी सुरू करतो,” आणि दिवसभर लोक एकामागून एक बोलत राहिले. इतकी चांगली परिषद मी पाहिलेली नाही. तिने काही न बोलता ती उभी केली.

संध्याकाळी जेवण होतं. मोठे मासे नारळाच्या दुधात शिजवलेले. सुरुजमतीने घरून हळद-मोहरी घातलेलं मासळीचं कालवण आणलं होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली.

“एमोसी, तुमची भाची मासळीवर रुसलीय का?”

मी हसलो. तिला नीट समजावलं की आपल्याकडे समुद्राची माणसं जमिनीच्या माणसांसमोर मासा खात नाहीत, आणि आम्ही जमिनीचे त्यांच्यासमोर डुक्कर खात नाही. “ती बापाकडून समुद्राची, मी आईकडचा, जमिनीचा. मी समोर असताना तिला मासा वर्ज्य. आमचा मान आहे तो.” मी तिला तुमच्या लग्नातली गोष्टही सांगितली. तुम्ही माझ्या बापासमोर विसरून माशाचा तुकडा तोंडात टाकलात आणि आमच्या लोकांनी दंड म्हणून यंगोनाचे वाडग्यावर वाडगे पाजले, इतके की नवरदेवाला उचलून घरी न्यावं लागलं.

सुरुजमती ऐकत होती. मग म्हणाली, “छान आहे. पण मार्चमध्ये तुम्ही चर्चच्या सभेला लाबासाला गेला होता. तेव्हा कुणाचा मान होता? मी तिच्या घरी डबा घेऊन गेले, तिने मासळी बाजूला काढून शेजारणीला दिली. जूनमध्येही तेच. तुम्ही रोज तिच्यासमोर जेवता, म्हणून तुम्हाला वाटतं तुमच्यामुळे. सगळं काही तुमच्यामुळे नसतं हो.”

दाजी, मी सबंध वर्ष तिच्यासमोर मासे खाल्ले. मिटक्या मारत. आणि ती खात नाही याचा अभिमान बाळगला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत गेलो आणि सरळ विचारलं. ती कागदांतून वर न बघता म्हणाली, “मामा, खडकावर आईच्या नावाची बंदी आहे, मग माझ्या ताटावर का नको?”

“कधीपासून?”

“मातीच्या दिवसापासून.”

“बापाला सांगितलंस?”

तेव्हा तिने वर बघितलं. “तुम्ही त्यांना पत्रं लिहिता ते मला माहीत आहे. हे लिहू नका. हे काही त्यांना दाखवायला केलेलं नाही.”

मी हो म्हटलं. आणि आता लिहितोय. देवापुढे मी ते माझं माझं निस्तरेन.

तुम्ही तिथे किनाऱ्यावर बसून एक बंदी राखताय आणि ती इथे एक राखतेय. एकाच बाईसाठी. दोघांनी एकमेकांना न विचारता. उनाइसी तुमच्यावर गेली आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा मी देऊ शकत नाही. नाव लिहिलं गेलं. राहू द्या, खोडत नाही.

तुमचा,
एमोसी

◆

सुवा,
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय दाजी,

नमस्कार. वर्ष भरत आलं. मागच्या पत्राला तुमच्याकडून निरोप आला नाही. पेनीला मी खोदून विचारलं. तो म्हणाला, तुम्ही पत्र वाचलंत, घडी केलीत, आणि जाळं दुरुस्त करायला बसलात. बंदी उठायला इतके दिवस असताना. कुणी बोललं तर ऐकू आल्यासारखं करत नव्हतात. तेवढं मला पुरे.

केंद्राचं वर्ष काल संपलं. शेवटच्या दिवशी मुलांनी मेके केला, प्रत्येक देशाचा नाच वेगळा, आणि सगळ्यांनी मिळून बाईंना मधे ओढलं. नाचता येत नाही म्हणत होती, आणि मग नाचली. अगदी ताईसारखी, खांदे न हलवता. फेब्रुवारीत दाराशी अंग चोरून उभं राहणारी ती किरिबातीची मुलगी आता माझी चेष्टा करते. “एमोसी काका, यंगोना पातळ झालंय, देवाला फसवताय का?” ज्या केंद्रात पूर्वी लोक व्याख्यान संपल्यावर उठून जायचे, तिथे आता कुणाला घरी पाठवायचं तर दिवे मालवावे लागतात. वरच्या कार्यालयातून आलेल्या माणसाने विचारलं, यंदा केंद्राने काय साध्य केलं? उनाइसी म्हणाली, “लोक परत आले.” त्याने ते लिहून घेतलं. त्याला ते कळलं की नाही ठाऊक नाही. मला कळलं.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं चटया गुंडाळत होतो. तेव्हा ती म्हणाली, “मामा, मी आजवर तुमच्याकडे वसू म्हणून काही मागितलं नाही.”

ते खरं आहे. बहिणीच्या लेकराचा मामावर केवढा हक्क असतो ते तुम्हाला सांगायला नको. तिचे मावसभाऊ माझ्या अंगणातली डुकरं न विचारता नेतात. हिने माझ्याकडून कधी पेरूसुद्धा मागितला नव्हता.

“माग,” मी म्हटलं.

“बंदी उठायच्या दिवशी मला गावी न्या.”

“बापाने नको म्हटलंय.”

“म्हणून तर वसू म्हणून मागतेय. साधं मागितलं असतं तर तुम्ही त्यांना विचारत बसला असता.”

तुमचीच मुलगी.

मग मी जे वर्षभर विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, पोरी, त्या दिवशी तू पुढच्या दाराने का आलीस? विद्यापीठाच्या लोकांना येऊ द्यायचं, त्यांचा देवमाशाचा दात त्यांना देऊ द्यायचा. तू घरची लेक, तू मागून स्वयंपाकघरात यायचं, जमिनीवर लोळून रडायचं. तुला रीत शिकवायची का? तू तर दुसऱ्यांना शिकवतेस.

तिने चटई पूर्ण गुंडाळली, बांधली, आणि मग बोलली. “रीत ठाऊक होती, मामा. मी घराला वळसा घालून निम्म्यापर्यंत गेले होते. मागच्या दाराने गेले असते तर आई चुलीपाशी नाही हे दिसलं असतं. पुढून आलं की पाहुणे असतात, भाषणं असतात. पाहुण्यांना स्वयंपाकघर दिसत नाही. मी परत फिरले आणि त्यांच्यात जाऊन बसले. आणि दात हातात घट्ट धरून ठेवला.”

एवढंच. गर्व नव्हता, दाजी. विद्या नव्हती. तिला ते रिकामं स्वयंपाकघर बघवत नव्हतं.

आणि आता ते लिहितो, जे मी आधीच्या तिन्ही पत्रांत टाळत आलो. त्या दिवशी पुढच्या खोलीत तो दात तुमच्या भावाने स्वीकारला. सगळ्यांना वाटलं तुम्ही थकलात, म्हणून आत पडलात. मी ताईच्या कपड्यांसाठी मागे गेलो होतो. तुम्ही चुलीपाशी बसला होता. दाराकडे तोंड करून. तुमच्या शेजारी एक चटई अंथरलेली होती, एकाच माणसापुरती, आणि मागचं दार तुम्ही दगड लावून उघडं ठेवलं होतं. मी तुम्हाला दिसलो नाही. मी पाऊल न वाजवता परत गेलो.

तिला मी हे सांगितलेलं नाही. तिने ते स्वयंपाकघर रिकामं समजून वर्ष काढलं. तिथे कोण बसलं होतं ते तिला सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. तो माझा निरोप नव्हे.

आता येण्याचं ठरवू. आम्ही ताईच्या माहेरची माणसं म्हणून येऊ, शुक्रवारच्या बोटीने. पुढच्या दाराने, चटया घेऊन, जे काय बोलायचं ते रीतीने बोलून. तुम्ही शनिवारी खडक उघडाल, पहिलं जाळं काढाल, आणि पहिला मासा आमच्यासमोर ठेवाल. तो आमचा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. उनाइसी आमच्या चटईवर बसणार नाही. ती बोटीवरून उतरल्यावर कुठून घरात येईल ते ती ठरवेल, आणि तुम्ही कुठे बसाल ते तुम्ही ठरवा.

फक्त एक अडचण आहे. तिच्या ताटावरची बंदीही त्याच दिवशी उठायला हवी. आणि जमिनीची माणसं समोर असेपर्यंत तिला मासा खाता येणार नाही, तुम्हालाही नाही. तेव्हा आम्ही आमचा वाटा घेऊन किनाऱ्यावर जाऊ. माझ्या सगळ्या माणसांना मी उठवेन, म्हाताऱ्यांनाही, पोरांनाही, आणि घराकडे पाठ करून बसवेन. कुणी वळून बघणार नाही याची जबाबदारी माझी. तुमचे भाऊबंद जाळी धुवायला खाली आलेले असतील. घरात तुम्ही दोघंच राहाल.

घाई करू नका. पहिला घास कोण कुणाला देतं ते आम्हाला कळायची गरज नाही. आम्ही हाक येईपर्यंत बसून राहू, ऊन झालं तरी.

तिच्या आईचा भाऊ,
एमोसी